कानांची मशागत : वॉर्साच्या शरद-महोत्सवाची गोष्ट



आज ज्या संगीताविषयी बोलायचे आहे ते तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानांवर आलेले नसेल. आणि आलेच, तर ‘हे कसले हो संगीत?’ असे तोंडातून निघाल्यावाचून राहायचे नाही. त्यात गुणगुणता येईल अशी चाल सापडत नाही, मांडीवर धरता येईल असा ठेका सापडत नाही. कोठे व्हायोलिनच्या लाकडी पोटावर बोटांनी टकटक करतात. कोठे एकाच झांजेच्या एकाच टोल्यातून सबंध रचना उभी करतात. तर कोठे वाद्यवृंदातल्या प्रत्येक वादकाला ‘तुझे तू तुझ्या गतीने वाजव’ म्हणून सांगतात. अशा संगीताला प्रयोगशील संगीत म्हणतात. या संगीताचा एक मोठा महोत्सव पोलंडची राजधानी वॉर्सा येथे १९५६ साली प्रथम भरला, आणि १९५७ व १९८२ ही दोन साले सोडली तर तो दरवर्षी भरत आला आहे. त्याचे नाव ‘वॉर्साचा शरद’. तिकडच्या शरद ऋतूत, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तो होतो, म्हणून हे नाव.

तुम्ही विचाराल, ‘पोलंडातल्या या विचित्र संगीताशी आमचा काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. पोलंड देश दूरचा खरा. पण अगदीच अनोळखी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. त्यांत बायका-मुलेच अधिक. त्या भागातल्या जुन्या माणसांकडून पुष्कळांनी ही हकिकत ऐकली असेल. ज्या देशातून ही माणसे परागंदा झाली, त्याच देशाची ही गोष्ट आहे. आणि ती गोष्ट जितकी संगीताची, तितकीच एका साध्या प्रश्नाची आहे : लोकांनी काय ऐकावे, आणि त्यांना काय समजते, हे कोणी ठरवायचे?

आधी त्या शहराची अवस्था ध्यानात घ्या. १९४४ साली वॉर्साच्या नागरिकांनी जर्मन सैन्याविरुद्ध उठाव केला. तो मोडून काढल्यावर जर्मनांनी शहर पद्धतशीरपणे पाडले. युद्ध संपले तेव्हा शहराचा सुमारे ८५ टक्के भाग मातीला मिळाला होता. १९०१ साली बांधलेले तिथले मोठे संगीतगृहही युद्धात उद्ध्वस्त झाले होते. ते पुन्हा उभे राहायला १९५५ साल उजाडले. म्हणजे आपण ज्या महोत्सवाविषयी बोलतो आहोत, तो भरण्यापूर्वी दोन वर्षे अगोदर त्याला धड छप्परसुद्धा नव्हते.

छप्पर आले, पण दुसरी एक अडचण होती. युद्धानंतर पोलंडमध्ये सोव्हिएत संघाच्या वळणाचे साम्यवादी सरकार आले. १९४९ साली वागुव्ह नावाच्या गावी संगीतकारांची एक परिषद बोलावण्यात आली आणि संगीत कसे असावे हे त्यांना सरकारी अधिकाऱ्यांनी समजावून सांगितले. संगीत सुबोध असावे, त्यात उत्साह असावा, लोकगीतांचा आधार असावा, ते कामकरी-शेतकरी जनतेला चटकन समजावे. जे संगीत असे नसेल त्याच्यावर एक शिक्का बसे : ‘रूपवादी’. हा शिक्का बसला की ती रचना मैफलींतून नाहीशी होई. विटोल्ड लुतोस्वाव्स्की हे त्या पिढीतले फार मोठे संगीतकार. त्यांच्या पहिल्या सिंफनीची, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेची, हीच गत झाली. ते काही हट्टाने बसून राहिले नाहीत. लोकधुनांवर सुरेख रचना केल्या, मुलांसाठी गाणी लिहिली, आणि ती गाणी पुष्कळ गायली गेली. त्यांचे समकालीन आन्जेय पानुफ्निक यांना मात्र हा काच सोसवेना. १९५४ साली ते देश सोडून इंग्लंडला गेले. त्यानंतर त्यांचे संगीतच काय, नावसुद्धा पोलंडमध्ये निषिद्ध झाले.

आता नीट विचार करा. संगीत लोकांना समजावे ही इच्छा वाईट आहे काय? मुळीच नाही. आपले सारे संतवाङ्मय लोकांना समजावे म्हणूनच लोकांच्या भाषेत अवतरले. मग वागुव्हच्या परिषदेचे चुकले कोठे? लोकांच्या वतीने निकाल दिला गेला, पण लोकांना ऐकवून पाहिले नाही. ‘शेतकऱ्याला हे समजणार नाही’ असे म्हणणाऱ्याने शेतकऱ्याला ते ऐकवलेले नव्हते. असा निकाल कोठेही, कोणत्याही राज्यपद्धतीत देता येतो. शाळेत ‘खेड्यातल्या मुलांना हे कळायचे नाही’ असे म्हणून एखादा धडा गाळणारा शिक्षकही नकळत तेच करीत असतो.

अशा काळात तादेउश बाइर्द आणि काझिमिएश सेरोत्स्की या दोन तरुण संगीतकारांनी पोलिश संगीतकार संघापुढे एक सूचना मांडली : वॉर्सामध्ये आजच्या काळातल्या संगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवू या. १९५३ साली स्टालिन वारले होते आणि बंधने हळूहळू सैल होऊ लागली होती. तयारीला वेळ लागला. अखेर १० ते २१ ऑक्टोबर १९५६ या दिवसांत पहिला महोत्सव भरला. योगायोग असा की, हेच दिवस पोलंडच्या इतिहासात उलथापालथीचे ठरले. त्याच वर्षी जूनमध्ये पोझनान शहरात कामगार रस्त्यावर आले होते व त्यांच्यावर गोळीबार झाला होता. ऑक्टोबरात पक्षाचे नेतृत्व बदलले; महोत्सवाचा शेवटचा दिवस आणि नव्या नेत्याच्या निवडीचा दिवस एकच. बाहेर चौकाचौकांत लोक राजकारण बोलत होते आणि संगीतगृहात ते स्त्राविन्स्की, बार्टोक, शॉनबर्ग यांच्या रचना ऐकत होते.

पश्चिम युरोपात या रचना तेव्हा नव्या राहिल्या नव्हत्या. काहींना चाळीस वर्षे होऊन गेली होती. वॉर्साच्या श्रोत्याला मात्र त्या ताज्या होत्या, कारण आधी युद्धाने आणि मग शिक्क्याने त्याचे कान बंद केले होते. धरणाचे दार उघडल्यावर कालव्याला पाणी येते ना, तसे झाले.

खरे प्रयोग सुरू झाले ते १९५८ सालच्या दुसऱ्या महोत्सवापासून. त्या वर्षी जर्मनीचे कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन आले आणि त्यांनी विजेच्या यंत्रांनी निर्माण केलेले संगीत ऐकवले. अमेरिकेचे पियानोवादक डेव्हिड ट्यूडर आले आणि त्यांनी जॉन केज यांची अशी रचना वाजवली की, जिच्यातले स्वर केज यांनी नाणी उडवून, म्हणजे दैवावर सोपवून ठरवले होते. व्यासपीठावर कोणी गायक नाही, वादक नाही, नुसते कर्णे मांडलेले, आणि समोर लोक शांत बसलेले, असाही देखावा या महोत्सवाच्या श्रोत्यांनी पाहिला. सर्वांना सारे आवडले असे समजू नका. या महोत्सवात टाळ्याही पडत आणि शिट्ट्याही वाजत. पण शिट्टी वाजवणारा माणूस ऐकून मग शिट्टी वाजवीत होता, हा १९४९ आणि १९५८ मधला फरक.

आता तुमच्या मनातला दुसरा प्रश्न घेऊ. चाल नाही, ताल नाही, तर त्यात ऐकायचे तरी काय? याचे उत्तर तुमच्याच घरात आहे. कुंभाराकडून मडके घेताना तुम्ही ते बोटाने वाजवून पाहता. टण्ण असा भरदार आवाज आला तर मडके पक्के. भद्द आवाज आला तर कोठेतरी तडा आहे. कलिंगड घेताना थाप मारून पाहता. बैलगाडी वळणाआड असली तरी घुंगरांच्या आवाजावरून कोणाची जोडी आली हे घरातली माणसे ओळखतात. अशा वेळी तुम्ही राग ऐकत नाही की ताल ऐकत नाही. तुम्ही आवाजाचा गुण ऐकता. तो जाड की बारीक, कोरडा की ओला, चटकन विरणारा की रेंगाळणारा, हे ऐकता. तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, तीही या गुणासाठीच. स्वर तोच राहतो आणि त्याचा नाद खुलतो. पोलंडच्या या मंडळींनी एवढेच केले की, एरवी स्वरांच्या पाठीमागे उभा असलेला हा नादगुण त्यांनी पुढे आणून बसवला.

याचा एक उत्तम मासला पोलिश रेडिओच्या घरातच तयार झाला. १९५७ साली पोलिश रेडिओने वॉर्सामध्ये एक प्रयोगशाळा उघडली. तिचे प्रमुख होते संगीताचे अभ्यासक युझेफ पात्कोव्स्की. तिथे रेडिओचे तंत्रज्ञ आणि संगीतकार एकत्र बसून काम करीत. हत्यारे कोणती? ध्वनिमुद्रण यंत्र, टेपची फीत, कात्री आणि चिकटपट्टी. व्वोजिमिएश कोतोंस्की नावाच्या संगीतकाराने १९५९ साली तिथे एक छोटी रचना केली. नावच मुळी असे की, ‘झांजेवरील एका टोल्याचा अभ्यास’. एक झांज घ्यायची, तिच्यावर मऊ टोकाच्या काठीने एकच टोला मारायचा आणि तो आवाज फितीवर उतरवून घ्यायचा. यापुढे दुसरा आवाज घ्यायचा नाही. सारी रचना त्या एका टोल्यातून काढायची.

हे कसे साधते ते समजून घ्या, मुलांनाही समजेल. फीत यंत्रातून ठरावीक वेगाने सरकते. समजा, ती सेकंदाला ३८ सेंटिमीटर या वेगाने सरकते आहे. मग एक सेकंदाचा आवाज म्हणजे ३८ सेंटिमीटर फीत. म्हणजे आवाज पट्टीने मोजता येऊ लागला! अर्ध्या सेकंदाचा तुकडा हवा तर १९ सेंटिमीटरवर कात्री लावायची. फीत दुप्पट वेगाने फिरवली की तोच आवाज एक सप्तक वर चढतो आणि निम्म्या वेळात संपतो. निम्म्या वेगाने फिरवली की एक सप्तक खाली येतो आणि दुप्पट रेंगाळतो. फीत उलटी लावली तर आवाज विरत जाण्याऐवजी फुगत येतो आणि एकदम तुटतो. शिवाय चाळणीने जसा रवा वेगळा, पीठ वेगळे करतात तसे यंत्राने त्या आवाजातले खर्जातले कंप वेगळे, तारातले वेगळे काढता येतात. असे तुकडे कापायचे, चाळायचे, चिकटवायचे. तीन मिनिटेही न भरणाऱ्या रचनेसाठी कितीतरी दिवसांचे काम. याच कोतोंस्कींनी त्यापूर्वी पोलंडच्या डोंगराळ भागातील लोकसंगीताचा कसून अभ्यास केला होता, हेही सांगून ठेवतो. म्हणजे लोकसंगीत जाणणारा माणूस प्रयोगांकडे पाठ फिरवतो, ही समजूत काही खरी नव्हे.

या महोत्सवातली सर्वांत गाजलेली रचना क्शिश्तोफ पेंडेरेत्स्की यांची. हा तरुण प्रथम पुढे आला तो १९५९ साली. संगीतकार संघाने तरुणांची स्पर्धा ठेवली होती. रचनांवर नाव घालायचे नव्हते. निकाल लागला, पाकिटे फोडली, तो पहिले बक्षीस आणि दोन्ही दुसरी बक्षिसे एकाच माणसाला! अक्षरावरून ओळखू येऊ नये म्हणून त्याने एक रचना उजव्या हाताने लिहिली, एक डाव्या हाताने आणि एक दुसऱ्याकडून उतरवून घेतली, अशी गोष्ट सांगतात. त्याच वर्षीच्या महोत्सवात त्याची रचना वाजली.

पुढे १९६१ च्या महोत्सवात त्याची आणखी एक रचना सादर झाली. तिच्यात बावन्न तंतुवाद्ये आहेत : २४ व्हायोलिन, १० व्हायोला, १० चेलो आणि ८ डबल बास. सुरुवातीलाच वादकांना सूचना अशी की, तुमच्या वाद्यातून निघेल तितका उंच स्वर काढा. मग गज घोडीच्या पलीकडे, जिथे एरवी कोणी वाजवीत नाही तिथे फिरवा. वाद्याच्या लाकडावर बोटांनी वाजवा. पाश्चात्त्य संगीतात सप्तकाचे बारा भाग करतात. इथे त्यांचेही निम्मे करून पाव स्वर वापरले आहेत. आपल्याला श्रुतींची ओळख असल्यामुळे दोन स्वरांच्या मधले स्वर आपल्या कानांना परके नाहीत. पण आपण ते एकामागून एक, आंदोलन देऊन घेतो. इथे ते सारे एकदम वाजतात. शेवटी सर्व वाद्ये स्वरांची एक भली रुंद भिंत उभी करतात, आणि ती भिंत प्रचंड मोठ्या आवाजापासून हळूहळू विरत अगदी नाहीशी होते.

या रचनेचे मूळ नाव काय होते ठाऊक आहे? ‘८ मिनिटे ३७ सेकंद’. फक्त तिची लांबी. प्रत्यक्ष वाजलेली ऐकल्यावर पेंडेरेत्स्कींना तिच्यातल्या वेदनेचा धक्का बसला, आणि मग त्यांनी ती हिरोशिमाच्या बळींना अर्पण केली. आज जगभर ती ‘हिरोशिमाच्या बळींसाठी विलाप’ म्हणूनच ओळखली जाते. कोणी म्हणतात, नाव मागाहून चिकटवले, त्यात काय खरे? मला वाटते, यात एक धडा आहे. नाव आधी सांगितले की आपण नावच ऐकतो. म्हणून गुरुजनहो, वर्गात एखादी अनोळखी रचना ऐकवायची झाली तर आधी नाव न सांगता ऐकवा. मग नाव सांगून पुन्हा ऐकवा. मुलांना दोन वेळा काय काय ऐकू आले ते त्यांच्या तोंडून निघू द्या.

लुतोस्वाव्स्कींचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे, कारण त्यात रेडिओचा वाटा आहे. १९६० च्या सुमारास त्यांनी रेडिओवर जॉन केज यांच्या पियानो आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचनेचा थोडा भाग ऐकला. ऐकता ऐकता त्यांना केज यांच्या संगीताच्या पलीकडे, आपण स्वतः काय लिहू शकू ते दिसू लागले. त्यातून ‘व्हेनिसचे खेळ’ ही रचना झाली आणि १९६१ च्या वॉर्सा महोत्सवात ती पूर्ण स्वरूपात वाजली. तिच्या काही भागांत संचालक सुरुवातीची आणि शेवटाची खूण करतो. मधल्या वेळात प्रत्येक वादक आपापला लिहिलेला भाग आपापल्या गतीने वाजवतो. स्वर संगीतकाराने ठरवलेले, गती वादकाची.

गोंधळ वाटतो? मग पालखीच्या वाटेवर उभे राहिल्याचे आठवा. एक दिंडी पुढे गेली, तिचा अभंग अजून ऐकू येतो आहे. दुसरी समोर आहे, तिचा ठेका वेगळा. तिसरी मागून येते आहे, तिचे टाळ दुरून कानी पडताहेत. कोणी कोणाशी ताल जुळवून घेत नाही. तरी त्या साऱ्याचा मिळून एक नाद होतो, आणि तो नाद ऐकायलाच माणूस रस्त्याच्या कडेला थांबतो. लुतोस्वाव्स्कींनी आपली वारी काही पाहिली नव्हती. पण ज्या कानांनी आपण दिंड्या ऐकतो तेच कान त्यांची रचना ऐकायला पुरतात.

इतके सांगितल्यावर नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. या महोत्सवाचा खर्च सरकारच करीत होते. त्यात सरकारचाही हेतू होता. ‘पाहा, आमच्या देशात कलेला किती मोकळीक आहे’ असे बाहेरच्या जगाला दाखवायला ती एक खिडकी होती. शब्दांवर पहारा होता. नाटक, कविता, वर्तमानपत्र तपासले जाई. व्हायोलिनच्या खरखराटात राजद्रोह शोधणे तपासनिसाला अवघड, म्हणून तिथे मोकळीक अधिक. संगीतकारांना हे कळत होते. त्यांनी मिळालेली खिडकी घेतली आणि तिच्यातून दोन्हीकडचे वारे आत-बाहेर खेळू दिले. पूर्वेकडच्या संगीतकाराला पश्चिमेचे, पश्चिमेकडच्याला पूर्वेचे नवे संगीत एकाच सभागृहात ऐकायला मिळावे, अशी जागा त्या काळात फारशी नव्हती. आणखी एक कबूल केले पाहिजे : महोत्सवात वाजलेल्या असंख्य रचनांपैकी पुष्कळ आज कोणाला आठवतही नाहीत. पेरलेले सगळे उगवत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

याहून मोठी गंमत १९७७ साली झाली. तोवर नव्या संगीताचीही एक रूढी बनून गेली होती. खरखरीत, तुटक, धक्का देणारे असेल तेच नवे, असे जाणकार मानू लागले होते. त्या वर्षी हेन्रिक गुरेत्स्की यांची तिसरी सिंफनी महोत्सवात आली. हे गुरेत्स्की कोण? कोळशाच्या खाणींच्या सायलेशिया प्रांतातले. संगीताचे उच्च शिक्षण घेण्यापूर्वी १९५१ ते १९५३ अशी दोन वर्षे ते एका प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९६० च्या महोत्सवात याच माणसाच्या कर्कश, आदळआपट करणाऱ्या रचनेने खळबळ उडवली होती. आणि आता त्यांनी आणले काय, तर तीन संथ भाग, एक स्त्रीकंठ आणि साधे, पुन्हा पुन्हा येणारे स्वरमेळ. शब्द तीन ठिकाणांहून घेतलेले : एक पंधराव्या शतकातले विलापगीत, एक युद्धकाळात जर्मन पोलिसांच्या कोठडीत अठरा वर्षांच्या मुलीने भिंतीवर कोरलेली प्रार्थना, आणि एक लोकगीत, ज्यात आई आपल्या हरवलेल्या मुलाला शोधते आहे.

पुष्कळ जाणकारांनी नाके मुरडली. हे फार सोपे आहे, हे मागे जाणे आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. १९४९ साली ‘हे फार अवघड आहे’ म्हणून शिक्का मारला जात होता. आता सोपेपणावर शिक्का बसू लागला. फरक इतकाच की आता रचना वाजू दिली जात होती. आणि ती वाजत राहिली. १९९२ साली निघालेल्या तिच्या एका ध्वनिमुद्रिकेच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. ज्यांनी कधी नव्या संगीताचे नाव काढले नव्हते अशा माणसांनी ती घरी नेली. त्याच १९७७ च्या महोत्सवात आणखी एक गोष्ट घडली : देश सोडून गेलेल्या पानुफ्निक यांचे संगीत तेवीस वर्षांच्या बंदीनंतर तिथे पुन्हा वाजले.

पुढे १३ डिसेंबर १९८१ रोजी पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १९८२ साली महोत्सव भरला नाही. १९८३ पासून तो पुन्हा सुरू झाला. १९८९ साली राज्यपद्धती बदलली. आता सीमेपलीकडचे संगीत ऐकायला महोत्सवाची वाट पाहावी लागेना. तरीही तो बंद पडला नाही. २००७ साली त्याची पन्नासावी खेप झाली. रेडिओची ती प्रयोगशाळा २००४ साली बंद झाली. पण तिच्यात तयार झालेल्या फिती जपून ठेवल्या आहेत. अलीकडच्या काळात महोत्सवाला मुलांसाठी एक वेगळी शाखाही फुटली आहे. तिचे नाव ‘छोटा वॉर्साचा शरद’.

या सगळ्यातून आपण घ्यायचे काय? आपल्या गावात असा महोत्सव भरवा, असे मी म्हणणार नाही. पण कानांची मशागत करायला पैसा लागत नाही. जमीन नांगरली नाही तर चांगले बीसुद्धा वरच्यावर पडून राहते; तसेच कानांचे आहे. शिक्षकांसाठी तीन साधे पाठ सुचवतो.

पहिला पाठ घंटेचा. पुष्कळ शाळांत घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असतो. मुलांना डोळे मिटून बसवा. एकच टोला द्या आणि सांगा, आवाज पूर्ण विरला असे वाटेल तेव्हा हात वर करा. सगळे हात एकदम वर येणार नाहीत. का येत नाहीत, याची चर्चा करा. एका टोल्यात किती आवाज दडलेले असतात हे मुलांना त्या दिवशी प्रथम कळेल.

दुसरा पाठ मडक्यांचा. तीन-चार मडकी, एखादे तडा गेलेले, एक लोखंडी घमेले, एक पितळी तांब्या, एवढे पुरे. पडद्याआड वाजवा आणि मुलांनी ओळखावे. मग त्यांनाच त्या आवाजांची जुळणी करू द्या. चाल नको, ठेका नको. कोणता आवाज कशानंतर यावा एवढेच त्यांनी ठरवावे.

तिसरा पाठ दिंडीचा. दोन गटांना अंगणाच्या दोन टोकांना उभे करा; दोघांनी आपापले गाणे आपापल्या गतीने म्हणावे. तिसऱ्या गटाने मधून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जावे आणि काय ऐकू आले ते सांगावे. मग गट बदला. चालणाऱ्या प्रत्येक मुलाला वेगळे काही ऐकू आलेले असेल, आणि ते सारेच बरोबर असेल.

आणि एक नियम तिन्ही पाठांना सारखा लावा. मुलाने आधी सांगायचे, ‘मला काय ऐकू आले’. आणि मगच, ‘मला आवडले की नाही’. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. न आवडल्याचे सांगायला मुलाने मुळीच भिऊ नये. वॉर्साच्या सभागृहातही लोक शिट्ट्या वाजवीत होते. मात्र ऐकण्यापूर्वी ‘हे आपल्यासाठी नाही’ असे ते म्हणू लागले, तर त्याला एवढेच विचारा, ‘तुला हे कोणी सांगितले?’

रेडिओवर कधी तरी रात्री उशिरा असे एखादे अनोळखी संगीत लागले, तर खुंटी फिरवण्यापूर्वी पाच मिनिटे थांबून पाहा. पाच मिनिटांनी फिरवलीत तरी हरकत नाही.